न्हाणीतला फलक

मला फलकांचा राग आहे. एस.टी.च्या कपाळावरचा फलक एक वेळ चालतो, तो निदान गाडी कुठे जाणार ते सांगतो. पण काम वीतभर आणि नावं हातभर, असले फलक पाहिले की माझं डोकं फिरतं. माझी सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. तिथल्या एका घसरगुंडीवर देणाऱ्यांची नावं रंगवलेली होती आणि पोरं दिवसभर त्या मोठ्या माणसांच्या आडनावांवरून घसरायची. माझ्या मनाला तेवढंच समाधान.

म्हणून आमच्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकलं होतं, की काम करू, पण फलक लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या धसई गावात माना डोलवायला काही खर्च येत नाही.

मंडळ म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हे. आमचे अध्यक्ष एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बैठकसुद्धा ते गाडीसारखीच चालवतात. उशिरा सुटते, मध्येच कुणालाही चढू देतात, पण मुक्कामाला पोचते. बाकी एक गवंडी, एक किराणावाला, भातगिरणीवरचे दोघं-तिघं आणि मी. एका थंडीत म्हसा गावची जत्रा उठल्यावर एक लंगडा माणूस मागे राहिला होता. बैलांच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेला, त्यांनी तसाच टाकलेला. तो बसथांब्यावर निजायचा. अध्यक्षांना ते बघवेना. विचारत विचारत कसाऱ्याच्या बाजूला त्याचा भाऊ सापडला. भाऊ म्हणाला, ठेवतो, पण घरात जागा नाही. मग आमच्याच लोकांनी जाऊन त्या घराला एक खोली जोडून दिली. तेव्हापासून आमची रीत ठरली. मोठा आश्रम वगैरे काढायचा नाही. ज्याला छप्पर नाही त्याला त्याच्या माणसांत, त्याच्या गावात छप्पर करून द्यायचं. भात लावायला जसे एकमेकांच्या शेतात जातात तसा घरटी एक माणूस एक दिवस येतो, आणि पत्रे, सिमेंट कुणाकडून तरी मागून आणायचं. मुरबाड-शहापूरकडे कुणी उघड्यावर निजू नये, एवढीच आमची हाव.

आणि आमच्याच बाजारात, आमच्या डोळ्यांसमोर, एक माणूस भाजीच्या ओट्यावर निजत होता. ते आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो बाजारात हमाली करायचा. भाताची पोती उचलायची, टेम्पो भरायचे. बायको कधीच वारलेली. एक मुलगी, ती शहापूरकडे दिलेली. त्याचं झोपडं दुसऱ्याच्या जमिनीत होतं. त्याचा बाप आणि आजा त्याच मालकाच्या शेतावर राबले, म्हणून ते तिथे राहायचे, एवढाच त्यांचा हक्क. मालकाच्या मुलांनी जमीन फार्महाऊसवाल्यांना विकली. तारेचं कुंपण आलं, गेट आलं आणि झोपडं गेलं. मुलीचं लग्न झालं त्याच्या पुढच्याच वर्षी हे झालं. त्याने कुणाला सांगितलं नाही. ताडपत्री गुंडाळली आणि ओट्यावर आला. रात्री पसरायची, पहाटे भाजीवाल्या यायच्या आत उचलायची.

मला कळलं ते माझ्या कोंबड्यांमुळे. संध्याकाळ झाली की हा माणूस माझ्या अंगणात यायचा आणि म्हणायचा, "बाई, जरा फोन करू का इथनं?" फोन त्याचाच. मला वाटायचं, रेंज मिळत नसेल बिचाऱ्याला. एक दिवस मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तो मुलीशी बोलत होता. "हां, अंगणातच बसलोय. नाय गो, जेवलो. कोंबड्या? त्या काय, ओरडतातच हायेत." मी इकडेतिकडे पाहिलं. अंगण माझं, कोंबड्या माझ्या. त्याने फोन ठेवला तेव्हा मी म्हटलं, "काय हो दादा, माझ्या कोंबड्या तुमच्या कधीपासून झाल्या?"

मी सहज थट्टेत म्हटलं होतं. तो खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. बाजारातून फोन केला तर मागे टेम्पोचे आवाज येतात, पोरगी विचारते, बा, तू एवढ्या सांजेला बाजारात काय करतोस? म्हणून माझं अंगण. मुलीला त्याने सांगितलं होतं, की जुनं घर मोडलंय, गावठाणात नवं बांधायला काढलंय. दिवाळीला मुलगी माहेरी येते म्हणाली की हाच तिच्याकडे जाऊन यायचा. म्हणायचा, घराला दारं बसायची हायेत.

"आता दारं बसवावीच लागतील," तो म्हणाला. "पोरीला दिवस गेलेत. पयलं बाळंतपण."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सासर कितीही चांगलं असो, पहिल्या वेळी मुलीला माहेरची जमीन पाठीला लागते. आणि बापाकडून बोलावणं आलं नाही, तर सासरी कोणी बोलो न बोलो, तिला मान खाली घालून वावरावं लागतं. शिवाय ह्या मुलीला आई नाही. तिने बापाला एकच सांगितलं होतं, "बा, काय नको मना. फक्त घरी ने."

मी हे बैठकीत सांगितलं आणि मंडळाने तेच घर हातात घेतलं. पंचायतीने गावठाणातली एक पडीक जागा दिली. भात झोडून झालेलं होतं, माणसं मोकळी होती. घरटी एक माणूस आला. शहापूरच्या एका पत्रे-सिमेंटच्या दुकानदाराने सामान दिलं. भिंती उभ्या राहिल्या, पत्रे चढले, ओटा झाला. तो हमाल दिवसभर पोती उचलायचा आणि सांजेला येऊन विटा उचलायचा. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

माझं भांडण एकाच गोष्टीवरून चाललं होतं. "न्हाणी कुठे आहे?" मी विचारायची.

"करू की बाई नंतर," अध्यक्ष म्हणायचे.

"बाळंतीण येणार आहे तिथे! रोज दोन घागरी कढत पाणी, तान्ह्या पोराला न्हाऊ घालायचं, ते काय तुमच्या डोक्यावर घालू?" एवढे बाप्ये राबले आणि एकालाही न्हाणी आठवली नाही. देव्हाऱ्याचा कोनाडा मात्र आठवला आणि मोबाईल चार्ज करायचं बटण दोन ठिकाणी बसवलं.

न्हाणी राहिली, पण फलक आला. दुकानदाराने शेवटच्या सिमेंटबरोबर टेम्पोतून पाठवला. चांगला जाडजूड संगमरवर, घासून गुळगुळीत केलेला, त्यावर लाल अक्षरं कोरलेली. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत 'बेघर निवारा'. त्याखाली निराधार लाभार्थी म्हणून त्या हमालाचं नाव. त्याखाली दुकानदाराच्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ. आणि तळाला आम्हा सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं. खोटं कशाला बोलू, माझं नाव मी दोनदा वाचलं. मग मात्र मी पदर खोचला. पण तोवर गवंड्याने तो दाराशेजारी भिंतीत पक्का बसवला होता. अध्यक्ष म्हणाले, "आईच्या नावाचा आहे बाई, नको कसं म्हणणार? पुढच्या घराचे पत्रेही तेच देणार आहेत."

ठरलं होतं असं, की दुसऱ्या दिवशी नारळ फोडायचा, हमालाने गाठोडं घेऊन आत जायचं आणि त्या आठवड्यात मुलीला आणायचं. नारळ फुटला. हमाल आला, फलकासमोर उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "येतो मी," आणि गेला तो आलाच नाही. संध्याकाळी किराणावाला सांगत आला की तो पुन्हा भाजीच्या ओट्यावर ताडपत्री पसरून बसलाय.

"उपकाराची जाणच नाही लोकांना," भातगिरणीवाल्यांपैकी एक म्हणाला. मला त्याचाही राग आला आणि हमालाचाही. मी तशीच बाजारात गेले.

"काय दादा, आमचं घर आवडलं नाही का?" मी ओट्यासमोर उभी राहून विचारलं.

"घर लय झ्याक हाय, बाई."

"मग?"

तो ताडपत्रीची कड बोटांनी सरळ करत राहिला. "मना वाचता येतं. सावकाश, अक्षराला अक्षर लावून. पण येतं," तो म्हणाला. "आणि माझी ईहीण, पोरीची सासू, चार यत्ता शिकलेली हाय. पोरीला घेऊन दारात आली की पयलं तेच वाचंल. पोरगी एवढे दिस सांगत असंल, माझा बा घर बांधतोय, माझा बा घर बांधतोय. ते सगळं दारातच जाईल." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमचा दोष नाय. मी पोरीला कळवतो, इथं सोय होत नाय म्हणून."

"फोन करू नका," मी म्हटलं. "माझ्या कोंबड्यांची शप्पथ आहे तुम्हाला." त्याही वेळी तो हसला. मला मात्र रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच वांगी घेतली.

त्या संध्याकाळी मी अध्यक्षांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते जेवत होते. मी म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीने शहापूर."

"फलक काढला तर ते शेठ दुखावतील, बाई."

"मग दुखावू देत माझ्यासमोर."

मुरबाडला गाडी बदलून आम्ही शहापूरला पोचलो. सगळ्या रस्त्यात अध्यक्ष कसं बोलायचं त्याची तालीम करत होते आणि दुकानात शिरल्यावर एक शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. ज्या माणसाला घाटात गाडी चालवताना कधी घाम फुटला नाही, तो सिमेंटच्या पोत्यावर बसून रुमालाने मान पुसत होता. दुकानदार गल्ल्यावर होते, शेजारी त्यांच्या बाई पावत्या लावत बसल्या होत्या. शेवटी मीच सगळं सांगितलं. कोंबड्यांपासून विहिणीपर्यंत.

दुकानदारांचा चेहरा उतरला. "आईचं नाव आहे त्यावर," ते म्हणाले. "आम्ही काय त्या माणसाला हिणवायला लावलं?"

"नाही हो. पण त्याला दार ओलांडवत नाही."

"मग काढून करणार काय त्याचं? उकिरड्यावर टाकणार?"

ह्याचा विचार मी केलेला नव्हता. पण तोंड माझं, ते विचारासाठी थांबत नाही. "न्हाणीत घालू," मी म्हटलं. "न्हाणीला दगडच नाही तिथे. अक्षरं खाली, गुळगुळीत बाजू वर. त्यावर बसून मी बाळाला न्हाऊ घालीन."

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. दुकानदार लालबुंद झाले. "आईचं नाव न्हाणीत?"

तेव्हा त्यांच्या बाई पावत्या बाजूला ठेवून बोलल्या. "सासूबाईंनी जन्मात कधी भांड्यावर नाव घालू दिलं होतं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लग्नातली माझी सगळी भांडी कोरी आहेत. मी म्हणायची, आई, हरवतील. त्या म्हणायच्या, हरवू दे. शेजारीण आमटी घेऊन जाते ती नाव बघून ओशाळते. विसरलात?"

दुकानदारांनी गल्ला उगाच उघडून बंद केला. समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. नंतर नोकराला चहा सांगितला.  चहा पिताना ते म्हणाले, "जपून काढा म्हणजे झालं. तुटू देऊ नका."

परतीच्या गाडीत अध्यक्ष इतके खूश होते की त्यांनी ओळखीच्या ड्रायव्हरला गाडी कशी चालवावी ते मुरबाडपर्यंत समजावलं. मला तर इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की मी खिडकीला डोकं टेकून चक्क झोपले.

गवंड्याने छिन्नी लावून फलक काढला. एक कोपरा उडालाच, तो आम्ही शहापूरला कळवला नाही. घराच्या मागे कारवीच्या काठ्यांच्या कुडाचा आडोसा केला, आत मुरूम धोपटला आणि तो संगमरवर पालथा घातला. दाराशेजारच्या खड्ड्यात गिलावा भरला, वरून चुना. त्या रात्री हमाल आपल्या घरात निजला. सकाळी मी बघायला गेले तर अंगण सारवलेलं होतं आणि दारात माझीच एक कोंबडी. "आली व्हती चालत," तो म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे. तिला सवय आहे तुमच्या घराची."

मुलगी आली. बरोबर सासू, जी दारात थांबली, भिंती बघितल्या, पत्रे बघितले, कोनाडा बघितला आणि म्हणाली, "बरं केलंत हो घर." हमाल दाराला धरून उभा होता.  सासू चहा पिऊन दुपारच्या गाडीने गेली.

बाप विहिणीला गाडीवर बसवायला गेला तेव्हा मी मुलीचं सामान लावून देत होते. लुगड्याचे तुकडे, टोपडी, डिंकाचे लाडू, आणि पिशवीच्या तळाशी घडी घातलेली कोरी ताडपत्री. मोठी, चांगली जाड. बाळंतपणाला येणारी मुलगी ताडपत्री कशाला आणेल? मी तिच्याकडे पाहिलं.

"मना ठाव व्हतं, मावशे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आमच्या गावच्या भाजीवाल्या येतात की धसईला. त्यांनी बघितलं व्हतं बाला ओट्यावर."

"आणि तरी आलीस?"

"बानं ये म्हटलं. कुठं ये, ते बघायला तर पायजे." तिने पोटावर हात ठेवला. "नसतं घर, तर ही बांधून राह्यलो असतो. तू सांगू नको हां त्याला. त्याला वाटू दे मना काय ठाव नाय."

मी सांगितलं नाही. माझ्यासारख्या बाईच्या पोटात एवढी गोष्ट राहिली, हेही मंडळाचं एक कार्यच म्हणायचं. ताडपत्री आम्ही न्हाणीच्या कुडाला बांधली, वाऱ्याला आडोसा म्हणून. सासरहून दिलीय, असं तिने बापाला सांगितलं.

मुरबाडच्या दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली, रंगाने आजोबावर गेलेली आणि आवाजाने, अध्यक्षांच्या मते, माझ्यावर. शहापूरला कळवलं तर दुकानदारांच्या बाईंनी स्टीलची बादली आणि तांब्या पाठवला. मी उलटसुलट करून पाहिलं. कुठेही नाव नव्हतं.

रोज सकाळी मी त्या संगमरवरावर पाट टाकून बसायची, पाय लांब सोडायची, पायांवर तेल लावलेलं ते बाळ पालथं घालायची. माझ्या खाली सगळं मंडळ. अध्यक्ष, गवंडी, किराणावाला, मीसुद्धा. इतकी वर्षं मंडळात काढली, पण मंडळ असं एकजुटीने कामाला आलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बारशाला सासरची माणसं आली. सकाळीच आली, म्हणून न्हाणं व्हायचं होतं. सासू न्हाणीत येऊन माझ्याशेजारी उकिडवी बसली. बाळाला न्हाताना बघायचं होतं तिला. कुडापलीकडे हमाल विहिरीवरून आणलेलं पाणी पिंपात ओतत होता. सासूचा हात दगडावर पडला. तिने तो पुढेमागे फिरवला.

"काय गुळगुळीत दगड हाय हो!" ती म्हणाली. "आमच्या न्हाणीत तर पाय ठरत नाय. कुठनं आणला?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. चार यत्ता शिकलेली बाई, अक्षरांपासून वीतभर अंतरावर बसलेली. कुडापलीकडून बाप म्हणाला, "घरचाच हाय." आवाज जरा वरच्या पट्टीतला, खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा. "जुन्या घरातला. उचलून आणला इकडं."

जुन्या घरात असला दगड नव्हता. जुन्या घरात न्हाणीसुद्धा नव्हती, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आणखी एकीला.

घराच्या मागच्या दारातून बाळंतिणीचा आवाज आला. "व्हय, आई," ती सासूला म्हणाली. "लय जुना हाय तो. मी पण त्याच्यावरच न्हालेय ल्हानपणी."

कुडापलीकडे पाणी ओतल्याचा आवाज थांबला. सासू कौतुकाने दगड चोळत होती. मी बाळाला सरळ केलं आणि त्याच्या छातीवर कोमट पाणी घातलं. बऱ्याच वेळाने पलीकडे पिंपात पुन्हा पाणी पडायला लागलं.